भुंकताना आपलं, चावल्यावर कुणाचंच नाही!

भटक्या कुत्र्यांचा वाद २०२५ च्या ऑगस्टपासून देशभर पेटलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाचे एकामागून एक आदेश आले, दिल्लीत मोर्चे निघाले, टीव्हीवर प्राणिप्रेमी विरुद्ध पीडित असा सामना रंगला. आपल्याकडेही बेळगावच्या बाजारपेठेत, निपाणीच्या बसस्थानकावर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हाच विषय. नगरपालिका काय करते, पंचायत झोपली आहे का, कुत्रे पकडणारी गाडी कधी येणार?

हे प्रश्न रास्त आहेत. पण या सगळ्या गदारोळात एक कुत्रं नजरेतून सुटलं आहे, ते म्हणजे आपल्या दारातलं. रात्री अनोळखी माणूस दिसला की भुंकतं तेव्हा ते 'आमचं' असतं. शेजारच्या पोराला चावलं की 'कुणाचं काय माहीत, इथंच फिरत असतं' होतं. सीमाभागातला रेबीजचा प्रश्न समजून घ्यायचा तर सुरुवात या कुत्र्यापासून करावी लागेल.

न्यायालय नेमकं काय म्हणालं?

गोंधळ बराच आहे, म्हणून थोडक्यात. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली आणि लगतच्या शहरांतली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका, असा आदेश दिला. त्यावर ओरड झाली. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नवा आदेश असा की कुत्री पकडा, नसबंदी करा, लस टोचा, जंत काढा आणि जिथून उचललं तिथंच सोडा. पिसाळलेलं, तसा संशय असलेलं किंवा अंगावर धावून येणारं कुत्रं मात्र सोडायचं नाही. खायला घालण्यासाठी ठरावीक जागा नेमायच्या, रस्त्यात कुठेही घालायचं नाही. याच वेळी सगळी राज्यं या खटल्यात ओढली गेली. त्यामुळे हा विषय एकट्या दिल्लीचा राहिला नाही.

पुढे ७ नोव्हेंबर २०२५ ला आणखी एक आदेश आला. शाळा, कॉलेज, दवाखाने, क्रीडा संकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशनच्या आवारातली कुत्री हलवायची आणि नसबंदी-लसीकरणानंतरही तिथे परत सोडायची नाहीत.

तिन्ही आदेश प्रामुख्याने रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल आहेत आणि बोट सरकारी यंत्रणेकडे दाखवतात. तुमच्या-माझ्या अंगणातल्या कुत्र्याला लस कोण टोचणार, हे काम न्यायालय करू शकत नाही. ते घरच्यांचंच आहे.

पाळीवही नाही, भटकंही नाही

शहरी चर्चेत कुत्र्यांचे दोनच प्रकार असतात. एक पट्टा बांधून फिरायला नेलं जाणारं पाळीव, दुसरं रस्त्यावरचं भटकं. आपल्याकडे तिसरा प्रकार मोठा आहे. खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवर जा, चंदगडकडचं काजूचं रान बघा, सत्तरी किंवा दोडामार्गमधलं बागायतीचं घर बघा. कुत्रं आहे, त्याला मोत्या, वाघ्या असं नाव आहे, दोन वेळ भाकरी-भात मिळतो, मुलं त्याच्याशी खेळतात. पण गळ्यात पट्टा नाही. दिवसा ते गावभर हिंडतं, रात्री ओट्यावर येऊन झोपतं. लस टोचली का विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : 'गावठी कुत्र्याला कसली लस? ते काय विकत आणलंय?'

इथेच घोडं पेंड खातं. हजारो रुपये मोजून आणलेल्या लॅब्रॅडॉरचं लसीकरणाचं पुस्तक कपाटात जपून ठेवतात. दिवसभर दहा इतर कुत्र्यांशी भांडणारा, जंगलाच्या कडेला कोल्ह्या-मुंगसाच्या वाटेवर फिरणारा मोत्या मात्र लसीविना राहतो. धोका कुणाला जास्त? उघड आहे. आणि तो मोत्या संध्याकाळी परत येऊन लहान पोराचा हात चाटतो.

नसबंदीचंही तसंच. दारातली कुत्री व्याली की पाच-सहा पिल्लं होतात. एखादं ठेवतात, उरलेली पोत्यात घालून वेशीबाहेर, बाजाराजवळ किंवा घाटातल्या वळणावर सोडतात. आज ज्या भटक्या झुंडीबद्दल आपण तक्रार करतो, तिच्यातल्या कित्येकांची आई कुणाच्या तरी अंगणात होती. जनावर असं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाख १७ हजारांवर घटना नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रात सुमारे ४ लाख ८५ हजार, कर्नाटकात सुमारे ३ लाख ६१ हजार. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजू या यादीत वरच आहेत.

त्याच वर्षी रेबीजचे संशयित मानवी मृत्यू नोंदले गेले फक्त ५४. वाचून बरं वाटतं, पण हा आकडा नोंदीचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी घरोघरी सर्वेक्षण करून काढलेला अंदाज वर्षाला सुमारे ५ हजार ७०० मृत्यूंचा आहे. दवाखान्यातून 'आता काही होणार नाही, घरी न्या' म्हणून परत पाठवलेला माणूस घरी जातो आणि कुठल्याच रजिस्टरात येत नाही. याच सर्वेक्षणात दिसलं की कुत्रा चावलेल्या दर पाच जणांपैकी एकाने लसीचा एकही डोस घेतलेला नव्हता.

का घेत नाहीत? 'आपलंच कुत्रं आहे', 'पिल्लू होतं, नुसता दात लागला', 'रक्त तरी कुठं आलं?' ही कारणं तुम्हीही ऐकली असतील. जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातला एक तरणाबांड राज्यस्तरीय कबड्डीपटू रेबीजने गेला. नाल्यात पडलेलं पिल्लू बाहेर काढताना ते त्याच्या बोटाला चावलं होतं. किरकोळ जखम समजून त्याने लस घेतली नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की उपचार जवळपास नाहीतच. जे करायचं ते त्याआधी. आणि 'आधी' म्हणजे साधारण एक ते तीन महिने, कधी जेमतेम आठवडा, तर कधी वर्षाहून जास्त. चेहऱ्यावर, डोक्यावर, हातावर चावा असेल तर वेळ कमी मिळतो, कारण विषाणू मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातो.

गोव्याने करून दाखवलं

निराश व्हायचं कारण नाही. उत्तर आपल्या शेजारीच आहे. गोवा सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने २०१३ ते २०१९ या काळात जे केलं, त्याचा अभ्यास २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या विज्ञानपत्रिकेत छापून आला. वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचली गेली, म्हणजे एकूण कुत्र्यांपैकी सुमारे ७० टक्के. शाळांमधून वर्षाला दीड लाख मुलांना कुत्र्यांशी कसं वागावं, चावलं तर काय करावं हे शिकवलं. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले.

यात जादू नव्हती. पथकं वाड्यावाड्यांत फिरली, मोबाइलवरच्या नकाशात कुठली गल्ली झाली, कुठली राहिली हे नोंदवलं गेलं, लस टोचलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण केली. महत्त्वाचं म्हणजे 'हे पाळीव, ते भटकं' असा भेद केला नाही. अंगणातलं असो की बाजारातलं, सुई सगळ्यांना. सत्तर टक्के कुत्री सुरक्षित झाली की विषाणूला एका कुत्र्यातून दुसऱ्यात जायला वाट मिळत नाही. साखळी तुटते.

पण या यशाला आपल्यापुरती एक मर्यादा आहे. पेडणे संपलं की बांदा, डिचोलीला लागून दोडामार्ग, सत्तरीच्या पलीकडे खानापूर. चोर्ला घाटातून रोज किती गाड्या जातात मोजा. भाजीच्या टेम्पोत, ऊसतोड टोळीच्या ट्रॅक्टरमध्ये, मेंढपाळांच्या कळपाबरोबर कुत्री राज्याची हद्द ओलांडतात. गोव्यात त्याला सुणें म्हणा, बेळगावात कुत्रं म्हणा की कन्नडमध्ये नायि म्हणा, विषाणूला भाषा कळत नाही. एका बाजूला सत्तर टक्के लसीकरण आणि दुसऱ्या बाजूला मनाला येईल तसं, असं असेल तर हद्दीवरची गावं कायम धोक्यात राहणार. केंद्राने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचं ठरवलं आहे. हद्दीवरचे तालुके एकत्र बसल्याशिवाय ते होणं अवघड आहे.

मालकाने काय करायचं?

मालक म्हणजे पट्टा विकत घेणाराच असं नाही. रोज भाकरी घालणाराही मालकच. त्याच्यासाठी ही कामं.

लस आणि तिची नोंद. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, पुढे दरवर्षी. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर यांची लस सुरू होते. कोकण-गोव्यात पावसाळ्यात लेप्टोचा धोका असतो, तीही टोचून घ्यावी. हा आजार माणसालाही होतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. दरवर्षी २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्याच्या आसपास बऱ्याच ठिकाणी मोफत शिबिरं लागतात. टोचल्याची तारीख आणि लसीचा बॅच क्रमांक पुस्तकात लिहून घ्या, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. उद्या कुत्रं कुणाला चावलं, तर हा कागद समोरच्या डॉक्टरच्या कामाचा आहे आणि तुमच्याही.

जंत आणि गोचीड. मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांतून एकदा जंताचं औषध द्यावं, पिल्लांना जास्त वेळा. रानात फिरणाऱ्या कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात रोज हात फिरवून गोचीड बघा. गोचिडताप वेळेत ओळखला तर कुत्रं वाचतं. जनावरांच्या गोठ्यासाठी आणलेलं गोचिडाचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नका. मात्रा चुकली तर ते कुत्र्याच्या जिवावर बेततं.

नसबंदी. सहा महिन्यांनंतर कधी करावी ते डॉक्टर सांगतील. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला छोटा काप दिलेला असतो. असं कुत्रं उगाच पकडून दुसरीकडे सोडू नका. त्याच्या जागी लस नसलेलं नवं कुत्रं येतं.

दोरी, पट्टा, फाटक. रस्त्यावर नेताना पट्टा हवाच, आणि पट्टा कुत्र्याला आवरू शकेल अशा माणसाच्या हातात हवा. दहा वर्षांच्या पोराच्या हातात जर्मन शेफर्ड देणं म्हणजे कुत्र्याने पोराला फिरवणं. गळ्यात फोन नंबरची पट्टी असू द्या. दिवाळीत आणि गणपतीत फटाक्यांना घाबरून कुत्री पळतात आणि परत वाट सापडत नाही. त्या रात्री त्यांना घरात घ्या. मात्र चोवीस तास साखळीला बांधून ठेवणं हा उपाय नव्हे. सतत बांधलेलं कुत्रं चिडखोर होतं, आणि जनावर असं अवाजवी वेळ जखडून ठेवणं हाही त्याच १९६० च्या कायद्याखाली गुन्हा ठरतो. घाटाखालच्या आणि जंगलालगतच्या गावांत रात्री अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आवतण. कुत्र्यापाठोपाठ बिबट्या दारापर्यंत येतो. बंद गोठा, पडवी किंवा घरात जागा करा.

मुलं. घरातला चावा बहुतेक वेळा ठरावीक प्रसंगी होतो. कुत्रं जेवताना, झोपलेलं असताना, पिल्लांजवळ किंवा दुखत असताना पोरं त्याला हात लावतात. 'जेवताना, झोपेत, पिल्लांपाशी हात नाही' एवढं एक वाक्य मुलांना पाठ करायला लावा. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही. झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं नाही, हळूहळू मागे सरायचं.

खाणं आणि ऊन. कांदा-लसूण घातलेली आमटी, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शिजलेली कोंबडीची हाडं कुत्र्याला नकोत. ताप आला म्हणून माणसाची गोळी तर मुळीच नको. एप्रिल-मेमध्ये दुपारी डांबरी रस्त्यावर नेऊ नका. बंद गाडीत ठेवून 'पाच मिनिटांत येतो' म्हणणंही जिवावर बेतू शकतं.

चावलंच तर?

पहिलं काम घरातच. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली, घड्याळ लावून १५ मिनिटं धुवा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. हळद, चुना, मिरची, तेल, चहापावडर काहीही लावू नका. जखम घट्ट बांधू नका.

दुसरं, त्याच दिवशी दवाखाना. 'कुत्र्याला लस आहे', 'कुत्रं घरचं आहे' म्हणून थांबू नका, कुत्र्याचं पुस्तक दाखवा आणि निर्णय डॉक्टरांवर सोडा. पोटात चौदा इंजेक्शनं ही भीती आता सोडून द्या, ती पद्धत केव्हाच इतिहासजमा झाली. आता लस दंडात देतात. त्वचेत टोचायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. रक्त निघालेली जखम असेल, किंवा फाटलेल्या त्वचेला अथवा तोंडा-डोळ्याला लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ते मागून घ्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनवर समाधान मानून परतू नका.

तिसरं, कुत्रं मारू नका. दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असेल, तर या दहा दिवसांत ते आजारी पडतं किंवा मरतं. दहा दिवसांनंतरही ते ठणठणीत असेल तर डॉक्टर पुढच्या डोसांचा विचार बदलू शकतात. पण दहा दिवस वाट बघून मग लस घेऊ, असं करायचं नाही. लस पहिल्याच दिवशी सुरू करायची.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. गोव्यात हॉटेलात किंवा बांधकामावर काम करणारा पोरगा खानापूरचा असतो. मडगावात चावा बसला, तिथे दोन डोस झाले, मग सणाला गावी आला आणि तिसरा राहून गेला. असं होऊ देऊ नका. लसीचं कार्ड खिशात ठेवा. उरलेले डोस कर्नाटकात, महाराष्ट्रात, गुजरातेत, मध्य प्रदेशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात घेता येतात. 'आमच्याकडचा केस नाही' असं कुणी म्हणालं तर कार्ड पुढे करा आणि वरिष्ठांना भेटा. तारीख चुकवू नका.

कायदा दोन्हीकडे एकच

जातींवरून बराच धुरळा उडाला. केंद्राने १२ मार्च २०२४ च्या पत्राने पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिलला ते पत्र रद्द केलं. गोवा सरकारनेही २०२५ मध्ये पिटबुल आणि रॉटवायलरवर बंदीच्या दिशेने पावलं टाकली. म्हणजे या राज्यात चालणारं कुत्रं त्या राज्यात अडचणीत येऊ शकतं. बेळगावहून गोव्यात अशी जात नेणार असाल तर आधी तिथल्या पशुसंवर्धन खात्यात चौकशी करा.

पण एक कलम इंदूरपासून कारवारपर्यंत सारखं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम कुत्र्याची जात विचारत नाही. मोत्यालाही लागू होतं. रोज खायला घालून, नाव ठेवून, अंगणात झोपवून नंतर 'माझं नव्हेच' म्हणणं पोलिसांपुढे किती टिकेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आता मागणी काय करायची?

सीमाप्रश्नावर आपण सत्तर वर्षं भांडतो आहोत. हा प्रश्न त्यात ओढायचं कारण नाही. बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि उत्तर गोवा, या चार जिल्ह्यांच्या पशुसंवर्धन खात्यांनी वर्षातून एक आठवडा ठरवून हद्दीवरच्या गावांत एकाच वेळी लसीकरण करावं. निपाणी आणि कागल, चंदगड आणि बेळगाव, दोडामार्ग आणि डिचोली, सत्तरी आणि खानापूर अशा जोड्या लावल्या तरी पुष्कळ होईल. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लस आणि इम्युनोग्लोब्युलिन शिल्लक आहे का, हे बाहेर फलकावर रोज लिहावं. ग्रामसभेत, पंचायतीत हे दोन ठराव मांडायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि ठराव मांडायला उठण्याआधी घरच्या मोत्याला लस टोचलेली असावी. नसेल तर ग्रामसभेत आपल्यालाच कुणीतरी विचारेल, आणि ते बरोबरच असेल.